दोनदा नको म्हणायचं

आई,

तू गेलीस तेव्हा मी अजून आखातात आलो नव्हतो, त्यामुळे तुला इथलं काहीच ठाऊक नाही. आधी काय सांगावं हाच प्रश्न पडतो. आज शनिवार, सुट्टी. पूजा झाली आहे, उदबत्ती अजून जळते आहे, आणि तुला सांगण्यासारखी एक बातमी आहे. काल दुपारी, जुम्म्याच्या नमाजासाठी कारखान्यातली मशिनं थांबली होती तेव्हा, फिनलंडच्या विद्यापीठाकडून निरोप आला. परीक्षकांनी माझा प्रबंध मान्य केला. आता थंडी पडायच्या आधी तिकडे जायचं, चारचौघांसमोर उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यायची, की तुझा मुलगा डॉक्टर झाला. औषध देणारा नव्हे. पन्नाशीला टेकलेला, चष्मा लावून काँक्रीटबद्दल बोलणारा डॉक्टर. निरोप वाचल्यावर मला नाचावंसं वाटेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसलो आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिलो. डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर मान कशी आपोआप वर येते, तसं झालं.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीच सुटणार होतं, आणि सुटलं नाही ते तुझ्यामुळे. म्हणून हे लिहितो आहे.

माझं काम तुला दोन वाक्यांत सांगतो. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं, ते पाणी पिऊन घट्ट होतं. इथल्या उन्हात नव्या काँक्रीटमधलं पाणी पळून जातं आणि ते आतून तहानलेलं राहतं. ते पाणी आत कसं टिकवायचं, हा माझा अभ्यास. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिथे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो, आणि नोकरी सांभाळून हा अभ्यास करायचं ठरवलं. फिनलंडमध्ये थंडी इतकी, की त्यांना काँक्रीटमधल्या ओलाव्याची वेगळीच काळजी. म्हणून तिथे या विषयाची जाणती माणसं आहेत. त्यातले एक माझे मार्गदर्शक झाले. साठी ओलांडलेले, उंच, फार कमी बोलणारे. तिकडे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. त्यांनी मलाही तसं सांगितलं. मी म्हटलं, "येस सर."

पहिल्यांदा फिनलंडला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "शनिवारी आम्ही तळ्याकाठच्या घरी सौना तापवतो. येशील का?" सौना म्हणजे आपल्या न्हाणीएवढी लाकडी खोली. आत शेगडीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम गाळत बसायचं. अंगावर काही नसतं, बापलेक, शेजारी, साहेब, शिपाई, सगळे तसेच. तिथे कुणाला बोलावणं म्हणजे आपल्याकडे पानावर बोलावण्यासारखं. मी म्हटलं, "नको नको सर, माझ्यासाठी कशाला त्रास?" ते म्हणाले, "बरं." आणि कॉफी प्यायला लागले.

शनिवारी मी सकाळीच आंघोळ करून, स्वेटर घालून, घरून नेलेला खजुराचा डबा मांडीवर घेऊन खोलीत बसून होतो. मला खात्री होती की ते परत विचारतील. दुपार झाली. बाहेर अंधार पडायला लागला, तिकडे तो लवकर पडतो. कुणी आलं नाही. शेवटी मीच खजूर खाल्ले.

तुला पोस्टमास्तरांच्या घरचा लाडू आठवतो का? तू त्यांना परसातल्या काकड्या द्यायला गेली होतीस, मी तुझा पदर धरून. काकूंनी बेसनाचा लाडू पुढे केला आणि मी लगेच घेतला. घरी परतताना पाणंदीत तू माझा दंड धरलास. "घरात उपाशी ठेवते का मी तुला? लोकांकडे दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचं. कळलं?" मला कळलं, आणि इतकं पक्कं कळलं की पुढे शाळेत, कॉलेजात, नोकरीत, कुणी काही देऊ केलं की माझ्या तोंडून आधी नकोच निघायचं. आपल्याकडे ते चालून जातं, कारण समोरच्यालाही त्याच्या आईने तेच शिकवलेलं असतं. पण फिनलंडमध्ये माणूस एकदा विचारतो. तुम्ही नको म्हणालात की तो तुमच्या शब्दाचा मान राखतो आणि विषय संपतो. हे मला सांगणारं कुणी नव्हतं. मी समजलो, सर रागावले.

मग वर्षं जात राहिली. सुरुवातीचा उत्साह तू पाहायला हवा होतास. पहाटेची अजान झाली की उठायचो, आंघोळ, देवापुढे दिवा, आणि कामावरची बस येईपर्यंत लिहीत बसायचो. हळूहळू ते उठणं तेवढं राहिलं, लिहिणं गेलं. लॅपटॉप उघडून मी फायलींची नावं बदलायचो, समासाची रुंदी कमीजास्त करायचो, चहा करायचो. प्रयोगाच्या तिसऱ्या भागातले आकडे पहिल्या दोन भागांशी जुळत नव्हते. एक लेख नियतकालिकाने परत पाठवला. कारखान्यातला सांगलीचा सहकारी रोज विचारायचा, "कुठवर आलं पीएचडी?" मी म्हणायचो, "होईल, इन्शाल्ला." तो म्हणायचा, "वीस वर्षं दुबईत आहे मी, दादा. इथे इन्शाल्ला म्हणजे काय ते मला नका सांगू!" आणि तुझा नातू, जो इथेच वाढला आणि आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देतो, तो एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, आय विल ग्रॅज्युएट बिफोर यू." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो.

सर अधूनमधून एका ओळीचा ईमेल करत. "कसं चाललंय? मदत हवी का?" मी उत्तर द्यायचो, "सगळं उत्तम आहे सर, मदत नको, आभारी आहे." त्यावर त्यांचं उत्तर, "छान." त्या एका शब्दाकडे बघत मी बसायचो. वाटायचं, सौनाचा राग अजून गेलेला नाही. ज्याला खरंच मदत करायची असते, तो परत विचारतो की नाही?

एका सकाळी मी बायकोला म्हटलं, "सोडून देतो." ती कणीक मळत होती. तिला तू पाहिलं नाहीस. तुझ्याच बाजूची आहे, मोजकं बोलते. म्हणाली, "सोडा. तुमच्या जिवापेक्षा मोठं नाही ते. पण सरांना तोंडावर सांगा. ईमेलवर नका पळून जाऊ." आणि योग असा, की त्याच मे महिन्यात सर एका परिषदेसाठी दुबईला येणार होते. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. जेवण झालं की सांगायचं, असं ठरवलं. वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवलं होतं.

ते ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. तिकडे उशीर करणं वाईट समजतात, त्यामुळे वाटेत गाड्यांची गर्दी लागेल म्हणून लवकर निघालेले. बायकोची आमटी अजून व्हायची होती. तिने मला खूण केली, यांना जरा फिरवून आणा. आमच्या इमारतीत खाली पोहण्याचा तलाव आहे, व्यायामाची खोली आहे, ती दाखवायला नेलं. पुरुषांच्या कपडे बदलायच्या जागेत एक लाकडी दार आहे. मी त्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. सर त्याच्यासमोर थांबले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू परगावच्या बाजारात अचानक आपल्या गावचा माणूस भेटावा. दार उघडलं. आत केरसुण्या, दोन बादल्या, मोडकी खुर्ची आणि पोरांच्या पोहायच्या फुगवलेल्या नळ्या. कोपऱ्यात दगड घातलेली विजेची शेगडी, तिच्यावर फरशी पुसायचा कुणाचा तरी ओला मॉप वाळत घातलेला. तो मॉप सरांनी दोन बोटांनी उचलला आणि बाहेर आणून ठेवला.

केरळचा वॉचमन मागून आला. "साब, ये कोई नहीं चलाता. बाहर ही तो सौना है, फ्री में." सरांनी मला विचारलं, हे चालतं का? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "इन्शाल्ला." मग त्याने कुणाला तरी फोन केला आणि म्हणाला, चालू करा, पाणी थोडं थोडं टाका, बाल्टी उलटी मत करना. आम्ही तिघांनी ती खोली रिकामी केली. माझे मार्गदर्शक पोरांच्या नळ्या गळ्यात अडकवून तलावाकडे चाललेत, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. मग ते म्हणाले, आता दगड तापू देत, तोवर डहाळ्या हव्यात. त्यांच्याकडे भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधतात आणि सौनात तिने अंगावर हलके फटके मारून घेतात, रक्त खेळतं म्हणून. भूर्ज इथे कुठला! पण त्या दिवशी रस्त्याकडेचे कडुनिंब छाटले होते आणि फांद्यांचा ढीग फुटपाथवर पडला होता. मी चार डहाळ्या आणल्या. सरांनी पानं चोळून वास घेतला आणि मान डोलावली.

वर जाऊन बायकोला सांगितलं, आम्ही सौनात बसतोय. ती म्हणाली, "अहो, बाहेर बेचाळीस डिग्री आहे! आणि तुम्ही पाहुण्याला आणखी उकडायला नेताय?" तरी तिने पेटीतला सुती पंचा काढून दिला. इथे तिकडच्यासारखं बसता येत नाही, हे सरांनी आपणहून ओळखलं होतं. ते टॉवेल गुंडाळून, मी पंचा नेसून, असे आम्ही आत शिरलो आणि वरच्या बाकावर बसलो. सर म्हणाले, "लहानपणी आम्हाला सांगत, सौनात देवळात वागतो तसं वागायचं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही." मी मनातल्या मनात नाम घ्यायला लागलो. त्यांनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ आधी वर गेली, मग खाली आमच्या खांद्यांवर उतरली. माझे कान भाजले.

"फार गरम आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही नाही सर, छान आहे."

ते समाधानाने हसले आणि त्यांनी आणखी पाणी टाकलं.

आई, माझ्या नाकातून आत जाणारी हवा सुद्धा पोळत होती. उठून बाहेर जावं तर अपमान, बसावं तर जीव घाबरा. सर आपल्या परीने पाहुणचार करत होते, मी माझ्या परीने सभ्यपणा करत होतो, आणि दोघं मिळून मला शिजवत होतो. तेवढ्यात त्यांनी कडुनिंबाची जुडी बादलीत बुडवली आणि दगडांवर झटकली. ओल्या, तापल्या कडुनिंबाचा वास आला.

आणि मी आपल्या न्हाणीत आहे. कांजिण्यांच्या खपल्या पडून गेल्या आहेत. चुलाणावरच्या हंड्यात तू कडुनिंबाचा पाला उकळला आहेस, देवीचं नाव घेऊन पहिला तांब्या माझ्या पाठीवर ओततेस आणि विचारतेस, "कढत आहे का रे?" मी म्हणतो, "नाही." तू दुसरा ओततेस. "नाही ना?" "नाही." तिसऱ्या तांब्याला तुझं लक्ष माझ्या पाठीकडे जातं. ती लाल झालेली आहे. तू तांब्या खाली आपटतेस. मला वाटतं आता मार बसणार. पण तू माझ्यावर भराभर गार पाणी घालतेस, पाण्यासारखंच भराभर बोलतेस. "मेल्या, मला काय परकी समजलास? नको नको, नाही नाही, ते लोकांच्या ओट्यावर! आपल्या माणसाने विचारलं की पहिल्यांदाच खरं सांगायचं. मला कसं कळणार तुझ्या पाठीतलं?" आणि मग, ओल्या हातांनीच, तू माझं तोंड पुसतेस.

पाणंदीत शिकवलंस ते जन्मभर धरून ठेवलं. न्हाणीत शिकवलंस ते कुठे गळून गेलं कोण जाणे. चाळीस वर्षांनी, परक्या मुलखातल्या एका अडगळीच्या खोलीत, ते मला परत मिळालं.

मी म्हटलं, "सर, फार गरम आहे. मला सहन होत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. न रागावता, न हसता. "मग खालच्या बाकावर बस," ते म्हणाले. "खाली गार असतं. सौना सोडायची गरज नसते."

मी खाली उतरलो. खरंच, एका पायरीचा फरक, पण श्वास घेता आला. आणि श्वास आला तसा शब्दही आला. पाठ केलेलं वाक्य नव्हतं ते. मी त्यांना सांगितलं की मी अडकलोय, तिसऱ्या भागाचे आकडे जुळत नाहीत, किती महिने एक ओळ लिहिलेली नाही, आणि आज सोडून देतो हे सांगायला तुम्हाला बोलावलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आधी मला त्या शांततेची भीती वाटायची, तिथे काही तरी बोलून भर घालायचो. त्या दिवशी घातली नाही. कळत होतं की ते रागावलेले नाहीत, ऐकलेलं पोचू देत आहेत.

मग म्हणाले, "तू दर वेळी लिहिलंस, मदत नको."

मी त्यांना पोस्टमास्तरांच्या लाडवाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे दोनदा नको म्हणतात, तिसऱ्यांदा हो. ते इतके स्तब्ध झाले, की मला वाटलं उष्म्याने काही झालं. "म्हणजे त्या शनिवारी..." ते म्हणाले. मी म्हटलं, "मी तयार होऊन बसलो होतो सर. डबा घेऊन." त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला सौना आवडत नाही, किंवा मी आवडत नाही." मग ते हसायला लागले. फार कमी बोलणारा माणूस हसतो तेव्हा हसणंही जपून वापरलेलं, नवंकोरं असतं.

तिथेच, घाम पुसत, त्यांनी मार्ग काढून दिला. तिसरा भाग आता बाजूला ठेव, दोन भागांचा प्रबंध पुरेसा आहे. तिसरा हा दुसऱ्या कुणाचा तरी पहिला होईल. रोज थोडंच लिही, आणि चांगलं जमत असेल तेव्हाच थांब, म्हणजे उद्या बसावंसं वाटतं. मी विचारलं, मन लागलं नाही तर? म्हणाले, "मन सौनासारखं असतं. बसल्यावर तापतं. तापल्यावर बसू म्हटलं तर कुणीच बसणार नाही."

बाहेर आलो. तिकडे यानंतर बर्फात किंवा तळ्यात जातात. आमच्याकडे बाहेरचा वारा शेगडीपेक्षा थोडाच बरा आणि तलावाचं पाणी चहाच्या आधणासारखं. गार व्हायला दोघं एसीच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. वॉचमनने आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "हबीबी, बोला था ना, फ्री में मिलता है बाहर." मग वर जाऊन आमटीभात खाल्ला. बायकोने सरांना आणखी भात विचारला. सर म्हणाले, "नको." मग माझ्याकडे बघून, "नको." मग ताट पुढे करून, "हो." ती बिचारी चक्रावली.

त्यानंतर त्यांचे ईमेल बदलले. अजूनही छोटेच असतात. पण "मदत हवी का?" ही ओळ एकाखाली एक तीनदा लिहिलेली असते. मी पहिल्या ओळीखालीच उत्तर देतो. बहुतेक वेळा, हो. दोन वर्षांत कितीदा तरी वरच्या बाकावरून खाली उतरलो, पण दार उघडून बाहेर पडलो नाही. काल बातमी कळवली तेव्हा त्यांनी लिहिलं, "छान. इकडे आलास की शनिवारी सौना. येशील का?" मी एका शब्दात उत्तर दिलं. पंचा बायकोने आत्ताच बॅगेत टाकून ठेवलाय, जायला अजून चार महिने आहेत तरी. खजुराचा डबा या वेळी त्यांच्यापर्यंत पोचेल. कडुनिंबाची पानंही वाळवून न्यायचा विचार आहे. विमानतळावर अडवलं तर काय सांगायचं, ते मात्र सुचलेलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. देवापुढे ठेवावं असं मनात होतं, पण देवाला सगळं ठाऊकच आहे, त्याला वाचायला लावायचं नाही. टेबलावरच राहील, मग खणात जाईल.

आत्ता स्वयंपाकघरातून तुझ्या सुनेने विचारलं, "अहो, चहा टाकू का अजून?" मी म्हटलं, "हो, टाक." आतली भांडी एकदम थांबली. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "बरं आहे ना तुम्हाला?"

बरं आहे, आई. खरं सांगायचं तर चहा मला नको होता. पण हो म्हणायची सवय अजून नवी आहे, ती मोडू नये म्हणून म्हटलं.